२५५४ ने भागल्यावर उरणारी बाकी

३१ ऑक्टोबर १९०३. दोनाचा सदुसष्टावा घात वजा एक, या संख्येचे दोन विभाजक त्या दिवशी गणितज्ञांच्या सभेत फळ्यावर मांडले गेले. ती संख्या फुटते, हे आधीच सिद्ध झाले होते. कशाने फुटते, ते तेव्हा कळले.

ताईची संख्या याच कुळातली, पण कितीतरी थोरली : दोनाचा बाराशे सत्त्याहत्तरावा घात वजा एक. अंक तीनशे पंच्याऐंशी. ही मूळ संख्या नाही, एवढे सिद्ध आहे. मग तिला निःशेष भाग कशाने जातो, ते ताई कित्येक वर्षे शोधत होती. पोटापाण्यासाठी ती धाकट्या भावाबरोबर कवळ्या घडवी. मागच्या खोलीत मेणात रोवलेले दात, प्लॅस्टरचे साचे, ते तापवायची भट्टी, आणि दुसरीकडे जागाच नाही म्हणून भट्टीला चिकटून अखंड घरघरणारा संगणक.

एका सकाळी पडद्यावर विभाजक झळकला. ताईच्या ओरडण्याने भावजय ओले कपडे टाकून धावत आली.

"वन्सं, पाडलेत की हो तिचे दात!"

भावाने तर ज्यांच्यासाठी ते कवळ्या बनवत, त्या दंतवैद्यांना फोन करून बातमीही देऊन टाकली.

ताई मात्र हात धुऊन कागद घेऊन बसली. या संख्येच्या कोणत्याही विभाजकाला घातांकाच्या दुपटीने, म्हणजे २५५४ ने, भागले की बाकी १च उरावी लागते. उरले ७१३. पुन्हा मांडले. ७१३च.

तिने संगणकाच्या पाठीवर हात ठेवला आणि चटका बसून मागे घेतला. भट्टीच्या धगीने यंत्राची मती फिरली होती.

"खोटा आहे," ती म्हणाली.

"आता डॉक्टरांना काय तोंड दाखवू मी?" भाऊ उखडला.

"कवळी लावून दाखव."

"चेष्टा पुरे, ताई. या खोलीत एकतर भट्टी राहील, नाहीतर हे धूड."

"मग भट्टी हलव. मागच्या छपराखाली चालेल ती."

"आणि कधी सापडलंच नाही तर? जन्मभर हेच?"

"जन्मभर हेच! ती फुटते, हे सिद्ध झालंय. मला सापडत नाही म्हणून ती अखंड ठरत नाही. मी का हार मानू?"

भाऊ कमरेवर हात ठेवून उभाच. भावजयीने पदर खोचला.

"अहो, बघत काय बसलात? धरा एक बाजू."

भट्टी धुसफुसत, भावाच्या तोंडच्या शिव्या ऐकत, बाहेर गेली. ताईने त्या धगीत झालेल्या शोधाच्या सगळ्या फेऱ्या, एकही न वगळता, रद्द केल्या आणि पहिल्यापासून सुरुवात केली.

रद्द केलेल्या फेऱ्यांपैकी एखादीत खरा विभाजक हुकला होता का, हे कळायला मार्ग नाही. आणि एक व ती संख्या स्वतः सोडल्यास तिचा एकही विभाजक, हे लिहीपर्यंत, कोणालाही ठाऊक नाही.