पूर्णगड ते भाट्ये, पायी

आमच्याकडे माणूस उगाच चालत नाही. चालतो तो कामाला, बाजाराला, नाहीतर एसटी चुकली म्हणून. त्यामुळे टपाल कचेरीतून निवृत्त झालेली एकसष्ट वर्षांची बाई रोज सकाळी बूट घालून रस्त्याला लागली, तेव्हा तिच्या घरात काहीतरी बिनसलंय असा सगळ्या पंचक्रोशीचा समज झाला. मी खुलासा केला नाही. मला चालायचं होतं, खुलासे करत बसायचं नव्हतं.

कारण अगदी साधं होतं. माझा धाकटा भाऊ जन्मभर बोटीवर होता. परत आला तो दोन्ही मूत्रपिंडं निकामी करून घेऊन. मंगळवार, गुरुवार, शनिवार सकाळच्या एसटीनं तो पूर्णगडहून रत्नागिरीला डायलिसिसला जातो. चार तास मशीनला, आणि मग परतीची एसटी. त्या एसटीत त्याच्या पायांत गोळे येतात, कधी उलटी होते. सगळी दुनिया पाहिलेला माणूस खिडकीबाहेर मान काढून ओकतो आणि मग रुमालानं गाडीचा पत्रा पुसतो. तो पत्रा पुसताना पाहिला आणि माझं डोकंच फिरलं.

रत्नागिरीतल्या काही डॉक्टर मंडळींनी त्याच सुमारास चाळीस किलोमीटर चालायचा बेत काढला. चालणाऱ्यांनी आपापल्या ओळखीत देणग्या मिळवायच्या, आणि त्यातून आमच्या भागातल्या दवाखान्यात डायलिसिसचं मशीन आणायचं. मी नाव द्यायला गेले. तिथला तरुण डॉक्टर गोड हसला. म्हणाला, "काकू, तुम्ही सरबताच्या टेबलावर थांबा ना. तिथे आम्हाला आपली माणसं हवीच आहेत."

सरबताचं टेबल! पस्तीस वर्षं मी टेबलामागेच बसले होते. मी म्हटलं, "मी चालणार." शेवटी तो म्हणाला, पंचावन्नच्या वरच्यांनी आधी एक चाचणी द्यायची. जानेवारीतल्या एका शनिवारी पूर्णगडपासून भाट्याच्या पुलापर्यंत, सहा तासांत. पंचवीसेक किलोमीटर. वाटेत कुठल्याही गाडीत पाय ठेवला की बाद. "पाय ठेवला की" हे त्यानं दोनदा सांगितलं. बहुधा त्याला आमच्या बाजूची माणसं ठाऊक असावीत.

सराव नोव्हेंबरात सुरू केला. पहिल्या दिवशी घराबाहेर पडले आणि दहा पावलांत प्रश्न आला, "कुठं चाललाव?" मी म्हटलं, "सहज." आता, सहज हे उत्तर आमच्याकडे चालत नाही. विचारणारी थांबली, माझ्या तोंडाकडे पाहिलं, माझ्या बुटांकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "गो बाय, घरात काय झालाय काय?" दुसऱ्या दिवशी मी शहाणपणा केला. विचारलं की पुढच्या गावाचं नाव सांगायचं, "पावसला जाऊन येते." झालं! याच्यासारखी चूक नाही.

"पावसला जाताच आहात तर" म्हणून एकीनं बहिणीला द्यायला आमसुलं दिली. दुसरीनं सुके बांगडे. एका म्हाताऱ्यानं औषधाची चिठ्ठी. चौथ्या दिवशी एका बाईनं कोयता हातात ठेवला, "धार लावून आणा हां, फांद्या तोडायच्यात." नाही म्हणायची सोय नव्हती, कारण मी जातच होते. डॉक्टरांच्या कागदावर लिहिलं होतं की सरावाला पाठीवर तीन किलो वजन घ्यावं. ते वजन मला शोधावं लागलं नाही. पायात खेळाडूंचे बूट, पाठीला बांगडे आणि हातात कोयता अशी मी सड्याच्या उघड्या माळावरून चालत असे. समोरून येणारी दुचाकी मला पाहून थोडी हळू व्हायची, मग थांबायची.

खरं संकट तेच होतं, थांबणाऱ्या गाड्या. चालणाऱ्या ओळखीच्या माणसाला टाकून पुढे जाणं हे आमच्याकडे पाप. आणि बसायला नको म्हणणं हा अपमान. "नको" म्हटलं की "का बरं? आमची गाडी चालत नाय काय?" रिक्षा थांबायच्या, आंब्याच्या बागेत फवारणीला निघालेले टेम्पो थांबायचे. दहा मिनिटं चालायचं आणि पाच मिनिटं नको म्हणत उभं राहायचं. डिसेंबरात एकदा गोळपच्या चढावर मी हरले. गुडघा ठणकत होता, ऊन डोक्यावर आलं होतं, आणि स्कूटरवाला आमच्याच वाडीतला. बसले. घरी भावाला मात्र सांगितलं, आज पुरं अंतर चालले.

गुरुवारी भाऊ एसटीतून उतरला तो थेट माझ्यासमोर. स्कूटरवाल्यानं एसटीच्या थांब्यावर सगळं सांगितलं होतं. "चाललीस म्हणे तू. आणि गोळपच्या चढावर कुणाच्या मागं बसली होतीस?"

मी त्याच्या हातातली पिशवी घेतली. तो मात्र थांबला नाही. इतक्या महिन्यांचं साचलेलं सगळं बाहेर आलं. "माझ्या नावानं लोकांकडं हात पसरतेस. वर गावभर फिरतेस. लोक विचारतात, बहिणीला एसटीचे पैसेपण देत नाय काय? मी कुणाचं फुकट खाल्लंय कधी? मला नको तुझं मशीन. सोड हे."

"तुझ्या एकट्यासाठी नाही चालत मी," मी म्हटलं. "त्या एसटीत तुझ्यासारखे आणखी पाच जण असतात. आणि तुझ्यासाठीही चालते, जा. धाकटा आहेस, धाकट्यासारखा राहा."

तो त्यानंतर माझ्याशी बोलेनासा झाला. मी चालत असताना त्याची एसटी जवळून जायची, तेव्हा तो पलीकडच्या खिडकीशी बसलेला असायचा. हे मला फार लागलं. चालताना रडणं सोपं असतं, कुणी विचारलंच तर घाम म्हणता येतं. पण स्कूटरचं त्याचं बोलणं खरं होतं आणि तेच जास्त सलत होतं. त्या दिवसापासून मी कुणाच्याही गाडीला हात लावला नाही. लोकांनी मला उद्धट ठरवलं. ठरवू दे.

चाचणीच्या शनिवारी उजाडता उजाडता पूर्णगडच्या जेटीवरून निघाले. कुणाची आमसुलं घेतली नाहीत, कुणाचा कोयता घेतला नाही. पावसपर्यंत पाय छान चालले. पुढे डाव्या टाचेचा फोड फुटला. गोळपचा चढ सुरू होईतो मोज्यातून रक्त बाहेर आलं होतं आणि मी अक्षरशः एक पाय ओढत होते. मनात हिशेब मांडला, वेळ होता, पण पाय नव्हता.

मागून एसटी आली आणि थांबली. थांबा नसताना थांबली. ड्रायव्हर ओरडला, "मॅडम, चढा! काय हाल करून घेतलाव!" कंडक्टरनं दार उघडलं. आतल्या मासेवाल्या बायका टोपल्या सरकवून जागा करू लागल्या. "बसा हो बसा, कोण बघतंय इथं?" खरंच कोणी बघत नव्हतं. पुलावरच्या डॉक्टरला कळलंही नसतं. ती माणसं प्रेमानं बोलवत होती आणि मला त्या प्रेमाचा इतका राग आला, आणि तरी माझा हात वर गेला. मी दाराचा दांडा धरला.

"नाय बसणार ती."

आवाज आतून आला. भाऊ सीट धरून उभा राहिला होता. पलीकडच्या खिडकीकडून उठून, टोपल्या ओलांडत तो दाराशी आला. डायलिसिसच्या आधीचा त्याचा चेहरा सुजलेला असतो, तसाच होता.

कंडक्टर म्हणाला, "अहो, पण रक्त येतंय त्यांच्या पायातून."

"येऊ दे," भाऊ म्हणाला. "माझ्यासाठी चाललीय ती. तुम्ही सोडा गाडी."

आणि मग इतक्या आठवड्यांनी तो माझ्याकडे बघून बोलला. "ताई, हात काढ."

मी हात काढला. कंडक्टरनं घंटी मारली, एसटी चढावर पुढे गेली, आणि मी तिच्यामागून चालायला लागले.