आतल्या बाजूचा पॅच

जुना पॅच काढायला मी ग्राइंडर हातात घेतला होता. त्याची गरजच पडली नाही. पॅचच्या कोपऱ्याखाली पुट्टीची पत्ती सरकवली, जरासा जोर दिला, आणि वीतभर रुंद, हातभर लांब तुकडा सालीसारखा निघून हातात आला. खाली तलावाचा बारीक गाळ साचला होता. गाळ बोटानं पुसला तर आतली जागा गुळगुळीत, जुन्या रंगाची चमकही तशीच.

पॅच माझाच होता. दोन वर्षांपूर्वी मीच लावलेला.

माझं शेड यवतमाळजवळ लोहाऱ्याच्या एमआयडीसीत आहे. तीस वर्षं झाली, फायबरचं काम करतो. पाण्याच्या टाक्या, कुलरच्या बॉड्या, शाळांच्या घसरगुंड्या. नाव आमच्याकडे क्वचितच येते. ही नाव उमरखेडकडच्या एका तलावावरची. चालवायचा किसनदादा, भोई माणूस, साऱ्या आयुष्यात जाळ्याशिवाय दुसरं काही केलं नाही. दिवाळीनंतर एका सकाळी भर तलावात नावेत पाणी भरलं. पोहण्यात त्याचा हात धरणारा गावात कोणी नव्हता, पण बुडत्या नावेतलं जाळं पायात गुंतलं. दुपारी सापडला.

महिन्याभरानं नाव पिकअपमध्ये टाकून त्याची मुलगी सुनंदा माझ्याकडे आली. तिशीची असेल. लहानपणापासून बापासोबत नावेवर जाणारी.

"शकीलभाऊ, दुरुस्ती मंग करा," ती म्हणाली. "पह्यले मले एक सांगा. बाबानं नाव खुंटाले ठोकली का?"

तो तलाव झाला तेव्हा तिथली झाडं पाण्याखाली गेली. त्यांचे खुंट अजून तसेच उभे आहेत. मच्छीमार सोसायटीचं म्हणणं, किसन प्यायलेला होता आणि नाव त्यानं खुंटावर घातली. तसं कागदावर आलं की मासेमारीचा पास त्या घरातून जाणार. पण सुनंदाला पासाइतकंच दुसरंही लागलं होतं.

"आई गेली तवापासून बाबानं थेंब नाही घेतला. अन् लोक दारासमोरून जाता जाता म्हणतात, पिऊन मेला."

"पाहून सांगतो," मी म्हणालो. ती बाहेर कडुलिंबाखाली जाऊन बसली.

तेवढ्यात सोसायटीच्या सेक्रेटरीचा फोन आला.

"पोहोचली का नाव? तुम्ही फक्त लेटरहेडवर एक ओळ लिहून द्या. खुंटावर आदळून फुटली. आमची फाइल बंद होते."

"पाहून देतो साहेब."

"त्यात पाहायचं काय? फुटली आहे ना?"

फुटलेली नाव काही न काही सांगतेच, पाहणाऱ्याला वाचता आलं पाहिजे. फायबरच्या नावेला बाहेरून रंगीत, चमकदार कातडी असते. तिला जेलकोट म्हणतात. तिच्या आत काचेच्या धाग्यांची चटई रेझिनमध्ये, म्हणजे वाळून दगडासारख्या होणाऱ्या चिकट रसायनात, भिजवून थरावर थर बसवलेली असते. ती मॅट. खरी ताकद मॅटची. जेलकोटची चीर म्हणजे खरचटणं, मॅटची चीर म्हणजे हाड मोडणं. नाव खुंटावर आदळली तर बाहेरून जेलकोटचा चुरा होतो आणि त्या जागेपासून चिरा चारी बाजूंना फाकतात. इथं तसं काही नव्हतं. बसायच्या फळीच्या कडेला लागून एकच सरळ चीर, दोन्ही काठ साफ. फळी आत कडक, तळ तिच्याजवळ रोज थोडा थोडा वाकतो, वाकून वाकून तिथंच तुटतो. आजूबाजूला नाण्यानं ठोकून पाहिलं. चांगल्या जागी टणटण आवाज येतो. चिरेच्या आतल्या बाजूला, माझ्या पॅचवर, बदबद आला. म्हणून पत्ती घातली, आणि पुढचं वर सांगितलंच आहे.

दोन वर्षांपूर्वी हीच चीर घेऊन किसनदादा माझ्याकडे आला होता. मी बाहेरून नुसता जेलकोट भरला, पॉलिश मारलं आणि आतून दोन मॅटचा पॅच लावला. जुना रंग पूर्ण घासून काढायचा असतो. मी वरवर पॉलिश पेपर फिरवला, कारण टाक्यांना एवढं चालायचं. टाकीची गळती आम्ही आतूनच बंद करतो. टाकीत पाणी आत असतं, ते पॅचला भिंतीवर दाबून धरतं. पॅच जरा कच्चा असला तरी पाणीच त्याला सांभाळून घेतं. नावेत पाणी बाहेर असतं. ते चिरेतून शिरतं आणि आतल्या पॅचला मागून ढकलतं. मी नावेला टाकी समजून दुरुस्त केलं होतं. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

पॅच हातात घेऊन मी स्टुलावर बसलो. शेडमध्ये दुसरं कोणी नव्हतं. आता खोटं कशाला बोलू, हातोडी समोरच पडली होती. बाहेरून एक ठोका मारला असता तर खुंटाचा मार तयार झाला असता. कुठं आणि किती जोरानं मारायचा, हे मला इतरांपेक्षा जास्त कळतं. सेक्रेटरीला त्याची ओळ मिळाली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची. हा विचार मी दहा मिनिटं केला. त्या दहा मिनिटांची मला आजही लाज वाटते.

मग सुनंदाला आत बोलावलं. पॅच तिच्या हातात दिला, चीर दाखवली.

"तुझ्या बाबानं नाव कुठंच ठोकली नाही, बेटा. माझा पॅच सुटला. काम माझं चुकलं."

ती रडेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं पॅच उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला.

"बाबा जायच्या पंधरा दिवस आधीपासून थोडं थोडं पाणी येऊन राह्यलं होतं," ती म्हणाली. "मी म्हतलं, बाबा, यवतमाळले नेऊ. तर म्हणे, काहून? शकीलभाऊचं काम आहे ते. त्यायच्या टाक्या गळत नाहीत."

मी उठून नळावर गेलो आणि उगाच हात धूत राहिलो. रेझिन पाण्यानं निघत नाही, हे मला माहीत आहे.

त्याच दिवशी लेटरहेडवर लिहून दिलं. नावेवर आदळल्याची खूण नाही. जुनी दुरुस्ती निकामी झाल्यानं पाणी शिरलं. दुरुस्ती मी केली होती. खाली सही, शिक्का.

सेक्रेटरीचा पुन्हा फोन. "शकीलभाई, हे तुमच्याच गळ्यात पडते, समजते का तुमाले?"

"समजते."

"मेलेल्या माणसासाठी कायले एवढं?"

"त्याची पोरगी जिवंत आहे साहेब."

मग नाव दुरुस्त केली. या वेळी बाहेरून चीर मुळापर्यंत कोरली आणि काठांना चार बोटं रुंद उतार दिला, म्हणजे नव्या मॅटला धरायला जागा मिळते. बाहेरून मॅटचे पाच थर, प्रत्येक थर रोलरनं दाबून, हवेचा एक बुडबुडा ठेवला नाही. आतून सगळा रंग खरवडून तीन थर. फळीच्या कडेखाली मऊ पट्टी दिली, म्हणजे तळ तिथं वाकून तुटणार नाही. शेवटी जेलकोट. पाण्याच्या पेपरनं घासून चमकवला तेव्हा चीर कुठं होती ते मलाही दिसेना. एरवी अशा वेळी मी खूश होतो. त्या दिवशी झालो नाही.

सोसायटीनं माझा कागद मान्य केला आणि पास सुनंदाच्या नावावर झाला. ती नाव न्यायला आली. तळावरून हात फिरवत तिनं विचारलं, "आता कोण्या बाजूनं केलं?"

"दोन्ही."

"मंग चला. तुमी बसा पह्यले."

मला पोहता येत नाही. ते मी तिला सांगितलं. तिनं मान हलवली आणि पिकअपचं दार उघडून धरलं.

तलावावर तिनं मला फळीवर बसवलं, बरोबर त्या चिरेच्या वर, आणि वल्हवत मध्यापर्यंत नेलं. तिथं वल्हं आत घेतलं. ती पाण्याकडे पाहत होती. मी तळाकडे पाहत होतो. तळ कोरडा होता.

"इथंच," ती म्हणाली. एवढंच.

मग तिनं नाव वळवली. काठावर तिनं मला हात धरून उतरवलं. मला माफ केलं की नाही, ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. वर्षातून एकदा ती नाव तपासायला आणते. मी नाण्यानं ठोकतो, ती शेजारी उभी राहून ऐकते.

आता कोणाचीही नाव दुरुस्तीला आली तर सोडायला मी स्वतः जातो आणि पाण्यावर तिच्यात आधी मी बसतो. लोक हसतात, बुढ्याले नावेचा शौक लागला म्हणतात. हसू देत. तो निघालेला पॅच शेडमध्ये खिळ्याला टांगला आहे. नवीन कारागीर आला की त्याला तो दाखवून सांगतो, टाकीत पाणी आत असतं, नावेत बाहेर. एवढी साधी गोष्ट समजायला तीस वर्षांचा अनुभव लागत नाही. मला किसनदादा लागला.