हुपरीतला नकार

राजारामपुरीत एका कोचिंग क्लासच्या वरच्या मजल्यावर आमच्या संस्थेची एवढीशी खोली होती. माणसांची खरेदी-विक्री थांबवू, सुटून आलेल्या बायकांना नीट उभं करू, अशी वचनं देशोदेशीच्या सरकारांनी सह्या करून दिलेली. ती पाळली जातात का, हे तपासायला परदेशातल्या समितीकडून प्रश्नावली यायची आणि आमच्या भागाची उत्तरं मी भरायची. सरकारी कागदावर उत्तर एकच: 'पुनर्वसन झाले.' अहो, झाले म्हणजे नेमकं काय झाले? माझं टाळकंच फिरायचं. म्हणून मी एसटी धरून स्वतः बघायला जायची, आणि खरं सांगते, ते फिरणं मला फार आवडायचं.

हुपरीत अशीच एक मुलगी होती. नोकरीच्या नावाखाली तिला परमुलखात विकलं होतं. सुटून आल्यावर ती मावशीकडं राहायची, घरातच पैंजणांना घुंगरू जोडायची. गल्लीला एवढंच माहीत, की पोरगी पुण्याला कामाला होती. खरं कळलं असतं तर तिला तिथं राहणं मुश्किल झालं असतं. त्यामुळं मी फाईल पिशवीत दडवून, पैंजण बघायला आलेलं गिऱ्हाईक म्हणून जायची.

पण दर दोन-तीन महिन्यांनी येणारं आणि पोरीशीच बोलत बसणारं गिऱ्हाईक कुणी बघितलंय? शेजारच्या काकूंनी एकदा मला दारातच गाठलं.

"पावणं, पोरगी बघाय येतायसा व्हय?"

मी गडबडले. तोंडातून निघून गेलं, "व्हय, धाकट्या भावासाठी."

मला भाऊच नाही!

पुढच्या खेपेला गेले तर घरात काकूंसकट गल्लीतल्या चार बायका, पोह्यांचा वास, आणि मुलगी साडी नेसून बसलेली. ती माझ्याकडं बघून गालात हसत होती, आणि मी घामाघूम. प्रश्नावली बाहेर काढायची सोय नव्हती. मग पाठ असलेले प्रश्नच पाहुणी म्हणून विचारले. काम तुझ्या मर्जीनं करतेस का? एकटी बाजारात जातेस का? कुणाची भीती वाटते का?

"भीती कसली? काकू हायत की शेजारी," ती म्हणाली. काकू खूश!

उठायची वेळ आली तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी नकार कळवला, किंवा नुसतं यायचं बंद केलं, तरी गल्ली म्हणणार, पोरीत काहीतरी खोट हाय. मग चौकशा, मग पुण्याचा विषय. आणि होकार कुणाच्या नावानं देऊ? मावशीचा चेहरा पांढराफटक पडला होता. स्वतःचंच थोबाड फोडावंसं वाटलं मला.

तेवढ्यात मुलगी उभी राहिली.

"मला हे स्थळ पसंत न्हाय," ती सगळ्यांसमोर म्हणाली.

"अगं, फोटो तरी बघ की!" एक बाई म्हणाली.

"फोटो बघून काय करू? माझं मन न्हाय."

या मुलीला विकताना तिला कुणी एका शब्दानं विचारलं नव्हतं. आता तिच्यावर कोण ओरडतंय, म्हणून मी एकेकीच्या तोंडाकडं बघायला लागले.

कुणी ओरडलं नाही. काकूंनी माझ्या ताटलीत आणखी पोहे वाढले.

"वाईट वाटून घेऊ नगासा, पावणं," त्या म्हणाल्या. "पोरगी न्हाय म्हनली न्हवं? मग इषय संपला."