तांदळातलं नाव

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरायचे, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव लिहायचं, बाकीच्यांनी पेढे खायचे. पिढ्यान्‌पिढ्या बेंगळुरात राहून आमची मंडळी कानडीत 'सरी सरी' म्हणायला शिकली, पण हे ताट काही त्यांनी सोडलं नाही. आईनं ठेवलेलं माझं नाव त्या दिवशी गेलं. उरलं ते दोनच ठिकाणी: लग्नाआधी काढलेल्या आणि पुढे त्याच नावानं नवा करून घेतलेल्या पासपोर्टवर, आणि अण्णाच्या तोंडी.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. नैरोबीत स्थायिक झालेला. त्याचं दुखणं हाताबाहेर गेलं तेव्हा वहिनीनं माझं तिकीट काढून पाठवलं. "शुद्धीवर आहेत तोवर या," म्हणाली. तिकडे जायला आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी लागते. तो अर्ज भरायला आमचे यजमान बसले. मी भरते म्हटलं, तर म्हणाले, "तुला नाही जमायचं." जन्मभर ऑफिसात नोकरी केलेल्या बाईला!

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीनं माझा पासपोर्ट आणि परवानगीचा कागद शेजारी शेजारी धरला. "स्वल्प इरी, मॅडम," म्हणत मला थांबवून ती साहेबांना विचारायला गेली. परत आली ती मान हलवतच. दोन कागदांवर दोन नावं होती. अशा माणसाला तिकडून परत पाठवतात, म्हणून विमानात बसवता येणार नाही, म्हणाली. मी म्हटलं, नंबर तोच आहे, फोटो माझाच आहे, माझा भाऊ मरायला टेकलाय. तिचा चेहरा उतरला, पण नाही ते नाहीच.

यजमान बाहेर गाडीपाशी होते. त्यांना फोन लावला.

"अगं, पासपोर्ट समोर ठेवूनच भरलं की," ते म्हणाले. "पण तुझं नाव हेच ना? ते जुनं आता वापरतंय कोण?"

"अण्णा," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.

परतताना त्यांना भूक लागली. वाटेत हेब्बाळला थांबून डोसा खाल्ला त्यांनी, चटणी दोनदा मागून. मी गाडीतच बसून राहिले. त्या माणसाचा इतका संताप मला उभ्या संसारात कधी आला नव्हता.

घरी येऊन नवा अर्ज मी स्वतः भरला. त्याचं उत्तर यायच्या आत अण्णा गेला. शेवटपर्यंत दाराकडे बघून मला हाका मारत होता, वहिनीनं सांगितलं. मी विचारलं नाही कुठल्या नावानं.

परवानगी त्यानंतर आली, बरोबर नावाची. ते नाव बघत मी बसले होते, तेवढ्यात आतून यजमानांनी चहासाठी हाक मारली, तांदळातल्या नावानं. आणि जळो मेली सवय, मी ओ दिली.