कुडाळचं मशीन

माझ्या बायकोला हे माहीत नाही. आईही हे न कळताच गेली. तुम्हाला मात्र सांगायला बसलोय.

आधी थोडं मागचं सांगतो — म्हणजे मुद्द्यावर यायला उशीर करतो, असंही म्हणा.

मी मालवणचा. आई बाजारात मासे विकायची, आणि मी इंजिनियर होऊन पुण्याला नोकरीला लागलो याचा तिला फार अभिमान. कंपनीत मोठमोठे सर्व्हर होते. एक बंद पडला तर दुसऱ्याने काम उचलायचं, कुणाला कळूही नये, अशी त्यांची बांधणी. ती बांधणी करणारे लोक वेगळे होते. मी त्यांच्या मागे उभा राहून बघायचो. परत गावी आलो तेव्हा मात्र सगळ्यांना सांगितलं, "पुण्यात मी हेच करायचो." खोटं तिथूनच सुरू झालं का? कदाचित.

दोन हजार आठच्या सुमारास मच्छिमारांच्या एका संस्थेने मला बोलावलं. लहान होड्यांवर वायरलेस नसतो, पण तोवर मोबाईल सगळ्यांकडे आले होते. वादळाचा इशारा आला की तो एकदम साऱ्या होडीवाल्यांच्या फोनवर जावा, अशी सोय त्यांना हवी होती. आमच्याकडे वीज कधी जाईल याचा नेम नाही. म्हणून मी दोन मशीन सुचवली. एक मालवणात संस्थेच्या ऑफिसात, दुसरं कुडाळला माझ्या मित्राच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये, इन्व्हर्टरवर. दोघांचा एक गट करायचा. दोघांनी सतत एकमेकांना विचारत राहायचं, आहेस ना? मालवणकडून उत्तर आलं नाही की कुडाळने अर्धवट राहिलेलं काम पुढे न्यायचं.

कागदावर किती सोपं!

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी मी मालवणचं मशीन बंद करून बघितलं. कुडाळचं गप्प. पुन्हा केलं. गप्पच. मशीन जिवंत होतं, गटात दिसत होतं, पण काम उचलत नव्हतं. केबल बघितल्या, सगळं पुन्हा पुन्हा चालू-बंद केलं. पुण्याला एक फोन केला असता तर कुणीही सांगितलं असतं. पण विचारायचं कसं? मग पुण्यात मी नेमकं काय करत होतो, हे उघडं पडलं नसतं?

दुसऱ्या दिवशी सगळे जमले. अध्यक्षांनी स्वतः प्लग ओढला. सगळ्यांच्या नजरा पडद्यावर असताना मी कोपऱ्यात लॅपटॉप मांडीवर घेऊन कुडाळच्या मशीनवरचा प्रोग्राम हाताने चालू केला. अध्यक्षांच्या खिशात मोबाईल वाजला. टाळ्या पडल्या. आई मागे उभी होती, तीही टाळ्या वाजवत होती.

दुरुस्त करीन, म्हटलं होतं. उद्या, या आठवड्यात, पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा. पण दुरुस्तीला बसायचं म्हणजे ते चालत नव्हतं हे कबूल करायचं. आणि मी रोज थोडा जास्त भ्यायला लागलो होतो.

ऑफिसात रोझी होती. रोझीबाय — माझ्यापेक्षा मोठी, आमच्याच आळीतली. लहानपणी मला शाळेत नेऊन सोडायची. इशारा आला की तो टाईप करून पाठवणं हे तिचं काम. तिने मला पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "लाईट गेली तर माका काय करूचा लागतला?"

"काय एक करूचा नाय," मी म्हणालो होतो.

दिवाळीनंतर वादळ आलं. मी त्या दिवशी बांद्याला एका दुकानात कॉम्प्युटर बसवत होतो. सकाळपासून आभाळ विचित्र पिवळट होतं. मग वारा सुटला, दुकानाचं शटर खडखडायला लागलं, आणि माझा फोन वाजला.

"लाईट गेली रे," रोझीबाय. धापा टाकत होती. "इशारो इल्लो, मी टाईप करून बटण दाबलंय आणि मशीन बंद पडला. मेसेज गेले काय?"

मी फोन कानाला लावूनच शटर खाली ओढायला लागलो. तिला वाटलं फोन कट झाला.

"आयकतस मां? नायतर मी एकेकाक फोन लावतंय. नंबर आसत माझ्याकडे."

आता इथे मला थांबावंसं वाटतंय. पण हेच सांगायचं आहे, बाकी सगळं याच्या आजूबाजूचं होतं.

मला ठाऊक होतं की मेसेज गेले नाहीत. कुडाळचं मशीन गप्प बसलेलं असणार, हे मला ठाऊक होतं. "लाव फोन," एवढंच म्हणायचं होतं. पण मग उद्या कुणीतरी विचारणार, फोन का लावायला लागले? मशीनने काम का नाही उचललं?

मी म्हणालो, "काय गरज नाय. कुडाळच्या मशीनान कधीच घेतल्यान. तू भिया नको."

लॅपटॉप घरी राहिला होता, म्हणून फोन ठेवला आणि कुडाळच्या मित्राला लावला. उचलला नाही. परत लावला. क्लास बंद करून तो घरी गेला होता, हे नंतर कळलं. मोटरसायकल काढली. कुडाळला पोचलो की हाताने चालू करतो, कुणाला कळायचं नाही — डोक्यात एवढंच. झारापच्या अलीकडे झाड आडवं पडलेलं. गाड्यांची रांग. मी एका टपरीच्या आडोशाला उभा राहिलो. मोबाईल खिशात होता. रेंज होती. रोझीबायला फोन करून "लाव सगळ्यांक" म्हणायला किती वेळ लागला असता? मी दोनदा तिचा नंबर काढला. दोनदा फोन परत खिशात ठेवला.

तारकर्लीचे सदानंद आणि गोविंद, दोघे भाऊ, किनाऱ्यापासून फार लांब नव्हते. त्यांची होडी उलटली. गोविंद पोहत बाहेर आला. सदानंद दुसऱ्या दिवशी देवबागच्या बाजूला सापडला. त्याची मुलगी तेव्हा रांगत होती.

सदानंद सापडला त्याच दिवशी, रस्ता मोकळा झाल्यावर, मी कुडाळला पोचलो. सगळं पहिल्यापासून, एकेक ओळ बघत गेलो. भीतीने का होईना, पहिल्यांदाच नीट बघितलं. चूक एवढीशी होती. दोन्ही सर्व्हर गटात होते, पण मेसेज पाठवणारा प्रोग्राम मी गटाला जोडलाच नव्हता, एकट्या मालवणच्या सर्व्हरला जोडला होता. दुसऱ्याकडे उचलायला कामच नव्हतं. मी ते बदललं, ऑफिसात फोन करून मालवणचा प्लग ओढायला सांगितला, आणि कुडाळच्या मशीनने काम उचललं.

चौकशीची बैठक झाली. अध्यक्षांनी सगळ्यांदेखत परत प्लग ओढला. या वेळी माझे हात रिकामे होते. मेसेज गेला. खोटी चाचणी खरी ठरली होती, आणि या खऱ्या चाचणीने सगळ्यांची खात्री पटली, की यंत्रणेत दोष नाही.

गोविंद उभा राहिला. "माका रेंज होती. बायलेचो फोन इल्लो. मग मेसेज कसो नाय इलो?"

सगळ्यांनी रोझीबायकडे बघितलं. ती म्हणाली, "मी बटण दाबलंय. आणि फोन लावतंय म्हणालंय. ह्येणाच माका सांगल्यान, गरज नाय म्हणान."

मग सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी शुद्ध मराठीत बोललो, ऑफिसात बोलतात तसं. म्हणालो, "वीज आधी गेली असावी, त्यामुळे संदेश सर्व्हरपर्यंत पोचलाच नसावा. आणि फोन करून खात्री करून घ्या, असंच मी त्यांना सांगितलं होतं. गडबडीत त्यांच्या ऐकण्यात चूक झाली असेल."

'त्यांना' म्हणालो. जिने मला हात धरून शाळेत नेलं, तिला.

ती भांडली नाही. माझा आवाज शांत होता, तिचा कापत होता. विश्वास कुणावर बसणार? तिला कामावरून काढलं. गोविंदच्या घरच्या बायका तिच्या दारात जाऊन नको ते बोलून आल्या. नाताळच्या आधीच ती घर बंद करून म्हापशाला बहिणीकडे गेली.

मला वाटलं होतं, ती गेली की भीती जाईल. नाही गेली. फोन वाजला की अजून आधी नंबर बघतो, मगच उचलतो. वारा सुटला की मी खिडक्या लावून घेतो आणि बायकोला सांगतो, धूळ येते.

पुढच्या वर्षी कामासाठी म्हापशाला गेलो होतो. बाजारात तीच समोर आली. पळावंसं वाटलं, पण तिने हाक मारली. बारीक झाली होती. आईची चौकशी केली, लग्न ठरलं का विचारलं. मग माझा दंड धरला आणि खालच्या आवाजात बोलायला लागली. ती रोज चर्चमध्ये जाते, सदानंदच्या नावाने मेणबत्ती लावते.

"माका आता वाटता," ती म्हणाली, "माझ्याच आयकण्यात चूक झाली आसतली. फोन नको म्हणान तू कित्याक सांगतलस?"

मी म्हणालो, "होता तसा कधीकधी, रोझीबाय."

तिने मान डोलावली, डोळे पुसले, आणि मला मिठाई घेऊन दिली, आईसाठी.