मोरीमागची निर्गुडी

पाहुण्याला चहाच्या आधी आंघोळ विचारणारा माणूस अख्ख्या जालना जिल्ह्यात एकच होता आणि तो नेमका माझा चुलत सासरा निघाला. जुन्या जालन्यातल्या त्यांच्या घरी मी आंघोळ करून, भांग पाडून जायचो, तरी दारातच हातात टॉवेल पडायचा. "जावईबापू, पाणी तापून राह्यलंय. जल्दी उरका." विजेचं मीटर बघायला आलेल्या माणसालाही त्यांनी असाच आग्रह केला होता. तो बिचारा स्वतःच्या शर्टाचा वास घेत परत गेला.

गल्लीला वाटायचं, म्हाताऱ्याला सोवळ्याचं वेड लागलंय. खरं कारण परसात होतं. मोरीचं पाणी जिथं जिरायचं, त्या ओलीवर त्यांनी निर्गुडी लावली होती. ओढ्याकाठचं झुडूप ते, त्याला पायाशी कायम ओल लागते. घर माणसांनी भरलेलं होतं तोवर ते पत्र्यापर्यंत गेलं, जांभळ्या तुऱ्यांनी वाकलं. गुडघे सुजलेली निम्मी गल्ली त्याचा पाला ओरबाडून न्यायची, पण मुळाशी तांब्याभर पाणी घालायचं कुणाला सुचलं नाही. मग मुली सासरी गेल्या, चुलत सासूबाई वारल्या, दोघं मुलगे पुण्याला गेले आणि मोरी कोरडी पडू लागली. एका माणसाच्या आंघोळीवर निर्गुडी जगेना.

मी म्हणालो, सरळ बादलीनं पाणी ओता की. त्यांना ते बिलकुल आवडलं नाही. "आठ-आठ दिवस नळ येत न्हाई, अन् चांगलं पाणी झाडाला ओतू? माणसाच्या अंगावरून गेलं, की मंग ते झाडाचं."

दिवाळीच्या पहिल्या आंघोळीला तरी या, असं ते मुलांना दरवर्षी कळवायचे. मुलांना रजा नसायची. उन्हाळ्यात बोलावलं तर तिकडं पाण्याचे हाल असतात, असं मुलं त्यांनाच ऐकवायची. मला त्या पोरांची चीड यायची. यांना येत नव्हती, याची त्याहून जास्त. एकदा माझा ओला टॉवेल वाळत घालताना ते एवढंच म्हणाले, "पोरं नुसती आंघोळीपुरती आली, तरी जगंल ती."

गेल्या उन्हाळ्यात ते गेले आणि सगळे आले. मुलांना रजा मिळाली. पाण्याचा टँकरसुद्धा मागवला. स्मशानातून परतल्यावर मुलगे, पुतणे, भाचे, एकामागून एक सगळ्यांनी आंघोळी केल्या. मोरी तुडुंब वाहिली. मी मागं जाऊन पाहिलं, तर निर्गुडीच्या मुळाशी डबकं साचलं होतं. हे बघायला तेवढे ते नव्हते.

तेरावं उरकून सगळे आपापल्या गावी गेले. घराची किल्ली माझ्याकडं आहे. आता रविवारी मी घरून आंघोळ न करताच निघतो. एका माणसाच्या आंघोळीनं तिचं भागत नाही, हे मला माहीत आहे.