लाल खूण माहेरी गेली

"आकडे बसल्या जागी तपासता येतात," असं आमचे सर उठता-बसता म्हणतात. मला ते कधीच पटलं नाही. गरोदरपणात रक्तदाब वाढून झटके येण्याचा धोका कोणत्या बाईला आहे, हे आधीच सांगणारं संगणकाचं मॉडेल आम्ही नागपुरात बसून तयार केलं. चंद्रपूर जिल्ह्याच्या नोंदींवर ते शिकवलं, गडचिरोलीच्या नोंदींवर तपासलं, आणि तिथंही ते जवळपास तितकंच बरोबर आलं. सर खूश. सोमवारपासून ते दोन्ही जिल्ह्यांत लागू होणार होतं; सिस्टरांच्या टॅबवर ते चाचणीपुरतं आधीच चढवलं होतं. लाल खूण आली की बाईला मोठ्या दवाखान्यात पाठवायचं, हिरवी आली की पुढच्या महिन्यात बोलवायचं.

मला हे यश पचेना. नव्या मुलखात गेलेलं मॉडेल थोडं तरी अडखळतं. आमचं अडखळलंच नाही. म्हणून मी बॅग भरली. "जाऊन या, तेवढाच हवापालट," सर म्हणाले, आणि माझं डोकं फिरलं ते तिथंच.

पहिला टप्पा कोरपना. नागपूरहून चंद्रपूर आणि पुढे राजुरा, गडचांदूर करत एसटी. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे खिशाला फार चाट बसत नाही. ओढणी मात्र नाकाला बांधायला हवी, सिमेंटच्या धुळीनं घसा धरतो. दोन्हीकडे कापूस फुटलेला, वेचणीची घाई. स्टँडसमोर गरम आलुबोंडा आणि रस्सा खाल्ला. तो चुकवू नका.

आरोग्य केंद्रात तपासणी चालू होती. तिथं शीतल भेटली. पहिलटकरीण, सातवा लागलेला, बोलायला चटपटीत. मागच्या प्रत्येक तपासणीत तिचा रक्तदाब थोडाथोडा चढत आलेला होता. टॅबवर लाल खूण उमटली.

"मले काई नाई झालं बाई," ती म्हणाली. "थोडं डोकं दुखते. उन्हात कापूस वेचला की दुखतेच."

सिस्टरनी तिला बजावलं, उद्या चंद्रपूरला डॉक्टरांकडे जायचंच. बाहेर आल्यावर शीतलनं मलाच विचारलं, "तुमी आता कुठी जाता?"

"गडचिरोली, मग एटापल्ली."

"अवं माय, माह्यं माहेर तिकडंच हाय. भाऊ न्यायले येऊन राह्यला. पहिलं बाळंतपण माहेरीच असते ना."

"आधी चंद्रपूर, मग माहेर," मी म्हटलं. तिनं मान हलवली. ती मान कशासाठी हलली हे मला तेव्हाच विचारायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मूल गावावरून गडचिरोली गाठलं. खोली स्वस्त, चादर स्वच्छ, जेवणात भात, लाखोळीची डाळ आणि वांग्याची भाजी. घास तोंडात असताना कोरपन्याच्या सिस्टरचा फोन आला. शीतल चंद्रपूरला पोचलीच नव्हती. भाऊ सकाळीच गाडी घेऊन आला आणि ती त्याच्यासोबत निघून गेली. फोन बंद. माहेरचं गाव नेमकं कोणतं, ते सासूलाही धड सांगता येईना. "तुमी तिकडंच जाऊन राह्यल्या ना बाई, पाहा जरा," सिस्टर म्हणाल्या. मी ताट सरकवून पहाटेच्या गाडीची वेळ विचारून घेतली.

एटापल्लीला जाणार असाल तर सकाळची पहिली गाडी धरा, पाणी आणि रोख पैसे जवळ ठेवा. आष्टीच्या पुढे सूरजागडकडून येणारे खनिजाचे ट्रक एकामागून एक सुरू होतात, रस्ता उखडलेला, मोबाइल मुका. आलापल्लीचं सागाचं जंगल फार सुंदर आहे म्हणतात. मी त्यातून गेले, पण मला काहीच दिसलं नाही. डोळ्यांपुढे ती लाल खूण होती.

एटापल्लीपासून आत एका गावात तपासणी होती, ठरल्याप्रमाणे मी तिथं पोचले. टॅबवर आधी शीतलला शोधलं. तिचं नाव, नवऱ्याचं नाव, सासरचं गाव. काहीच नाही. "अशी कोणी आली नाई इथी," तिथल्या सिस्टर म्हणाल्या.

तेवढ्यात रांगेतून आवाज आला. "पोचल्या का बाई तुमी?"

शीतलच. चेहरा सुजलेला. मी धावतच गेले. सिस्टर गोंधळल्या. "ही तं बेबी हाय. हिची तपासणी झाली आत्ताच."

माहेरी ती बेबी. बेबी आणि पुढे बापाचं नाव, बापाचं गाव. टॅबवर बेबी नवी बाई होती, पहिलीच तपासणी. मागचं काहीच नसल्यामुळे रक्तदाब चढत आलाय हे मॉडेलला कळायला वाव नव्हता. आजचा आकडा काठावरचा. तिच्या नावासमोर हिरवी खूण होती. पुढच्या महिन्यात या.

"तपासणीचं कार्ड कुठं आहे?"

"सासरीच राह्यलं."

"डोळ्यांपुढे काही दिसतं?"

"काजवे चमकून राह्यले सकाळपासून."

सिस्टरनी रक्तदाब पुन्हा मोजला. आता तो काठ ओलांडून गेला होता. पुढे बोलणं नाही. सुई दिली, गाडी आली, मी आणि तिची आई मागे बसलो. वाटेत एक ट्रक आडवा होऊन बंद पडलेला, मागे रांग. चालकभाऊ उतरून ओरडले, "बाई हाय गाडीत, सरका रे." ट्रकवाल्यांनी हातानं दगड बाजूला करून कडेनं वाट करून दिली. शीतल माझा हात धरून होती. आई एकच विचारत होती, "काऊन असं झालं?" मला फार भीती वाटत होती, आणि माझ्याकडे उत्तर होतं, हे त्याहून वाईट होतं.

आधी अहेरीचा दवाखाना, तिथून तिला गडचिरोलीला हलवलं. ऑपरेशन झालं. मुलगी, अगदी चिमुकली. दोघी वाचल्या.

दवाखान्याच्या पायरीवरून मी सरांना फोन केला. "सर, गडचिरोलीच्या बायका म्हणून आपण ज्यांच्यावर तपासलं, त्यातल्या काही चंद्रपूरच्याच आहेत. सासरी एक नोंद, माहेरी दुसरी. शिकवणीत सोडवलेलीच गणितं आपण परीक्षेत दिली आणि पोराला हुशार म्हटलं."

"दुबार नोंदी काढल्या होत्या ना आपण?"

"नाव, नवरा, गाव जुळवून काढल्या होत्या. माहेरी यातलं काहीच जुळत नाही."

"अशा किती असतील?"

"तेच माहीत नाही. म्हणून सोमवारी सुरू करायचं नाही."

सर म्हणाले, "या परत." सोमवार टळला.

नागपूरला परतल्यावर आम्ही दोन्ही जिल्ह्यांतल्या सिस्टरना दोन प्रश्न वाढवून दिले: लग्नाआधीचं नाव काय, माहेरचं गाव कोणतं. त्यावरून नोंदी जोडल्या आणि एका बाईचं सगळं एकाच बाजूला, म्हणजे शिकवणीत नाहीतर परीक्षेत, ठेवून मॉडेल पुन्हा चालवलं. मग माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं मला न विचारता, नुसत्या लिहिलेल्या पायऱ्या वाचून तेच पुन्हा केलं. दोघींचं उत्तर एकच आलं: आमचं मॉडेल आम्ही सांगत होतो त्यापेक्षा बरंच कच्चं आहे. सरांचा चेहरा उतरला. मला मात्र त्या रात्री शांत झोप लागली.

परवा शीतलचा फोन आला. पोरगी वजन धरून राहिलीय म्हणे. मी तिला सगळं समजावून सांगितलं, दोन नावांचा घोळ, लाल खूण, हिरवी खूण. तिनं नीट ऐकून घेतलं.

"नावं दोन असन बाई," ती म्हणाली, "पण दुखत होतं ते डोकं तं एकच होतं ना."